जाळलेल्या पुस्तिकेतला परिच्छेद

मॅट्रिक झाले, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि कुलाब्याच्या बाजूला लष्कराच्या एका वर्कशॉपात मला कारकुनाची नोकरी लागली. लालबागच्या आमच्या चाळीत ही बातमी पोचेपर्यंत तिला बरीच शेपटं फुटली होती. कोणी म्हणालं पोरगी मिलिटरीत भरती झाली, कोणी म्हणालं आता तिला बंदूक मिळणार. प्रत्यक्षात मला मिळाली डिंकाची बाटली, कात्री, लाकडी पट्टी आणि भिंतीला टेकलेलं एक लोखंडी कपाट.

कपाटात पुस्तिका होत्या. त्यांतली सर्वांत जाड पुस्तिका गाड्यांच्या खरखरीबद्दल होती. मोटारीचं इंजिन ठिणगीवर चालतं. प्रत्येक ठिणगी उडाली की जवळच्या वायरलेसमध्ये टक् असा आवाज होतो, आणि इंजिन जोरात फिरू लागलं की त्या टक्-टक्‌ची खरखर होते. लष्कराच्या ट्रकमध्येच वायरलेस बसवलेला असतो. पलीकडून कोणी जीव तोडून काही सांगत असेल आणि इकडे आपल्याच ट्रकची खरखर ऐकू येत असेल, तर काय उपयोग? म्हणून ती खरखर कशी मारायची, कुठे ठिणगीचा धक्का गिळणारा कंडेन्सर लावायचा, कुठे तांब्याची विणलेली पट्टी जोडायची, हे सगळं त्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका मूळची विलायती, इंग्रज गेले तेव्हा कपाटासकट मागे राहिलेली.

ती पुस्तिका कधी स्वस्थ बसत नसे. दर महिन्या-दोन महिन्यांनी दिल्लीहून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत. भाषा इंग्रजी, पण अर्थ असा: पान चौदा, ओळ सहा, ‘करावे’च्या जागी ‘केलेच पाहिजे’ असे वाचावे. मी चिठ्ठी कापायची, डिंक लावायचा, बरोबर सहाव्या ओळीवर बसवायची, आणि पुस्तिकेच्या सुरुवातीच्या तक्त्यात सही करायची. अशा चाळीस प्रती होत्या. चाळीस वेळा ‘केलेच पाहिजे’ चिकटवून होतंय तोवर पुढची चिठ्ठी यायची, ‘केलेच पाहिजे’च्या जागी ‘शक्यतो करावे’. ते दिवस असे होते की बाहेर सगळी मुंबई ‘झालाच पाहिजे’ म्हणून घसा फोडत होती. एकदा हे मी घरी बोलले तर वडील म्हणाले, “तुझ्या दिल्लीवाल्यांना सांग, आमच्या ‘पाहिजे’वर चिठ्ठी लावू नका म्हणावं.”

वडील मिलमध्ये सायझिंग खात्यात होते, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ चढवतात तिथे. मुलगी मॅट्रिक होऊन कागद चिकटवते याचं त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं. मग त्यांनी एका रविवारी माझं काम नीट समजून घेतलं आणि त्यांच्यातला कारागीर जागा झाला. “डिंक मधे लावतेस ना, म्हणून कागद सुरकुततो. कडेला लाव, पातळ लाव, आणि वरून वजन ठेव,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चिठ्ठ्या इस्त्री केल्यासारख्या बसायला लागल्या. आमच्या हेडक्लार्कांनी त्याची तोंडी नोंद घेतली. ते गिरगावात राहणारे, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालणारे गृहस्थ होते. सहसा ते कोणाचं कौतुक करत नसत.

वर्कशॉपात माझी खरी ओळख झाली ती मेस्त्रींशी. मेस्त्री मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले, अंगाने काटक. हातात सतत पॉलिश पेपरचा तुकडा. पुस्तिका ते स्वतः वाचत नसत, माझ्याकडून वाचून घेत. सकाळी दारात उभे राहून विचारत, “काय गो, आज काय बदलल्यानी दिल्लीकारांनी?” मी चिठ्ठी वाचून दाखवायची, ते मान हलवायचे, आणि पुढे स्वतःला पटेल तेच करायचे. त्यांच्या गाड्या मात्र मुक्या असत. इंजिन सुरू करा, कानाला हेडफोन लावा, नुसती शांतता.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर खानावळ होती आणि खानावळीत रेडिओ. संध्याकाळच्या बातम्यांना तिथे ही गर्दी. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, आज कोण काय बोललं, सगळं तिथे कळायचं. पण शेजारीच पिठाची चक्की होती, आणि तिची मोटर सुरू झाली की रेडिओतून नुसतं फर्रर्र. चक्कीवाल्याला लोक रोज शिव्या घालत. “बातम्यांच्या वेळेला बंद ठेव की रे!” तो आतून ओरडायचा, “बंद ठेवतो! मग रात्री भाकरीऐवजी बातम्या खा!” एकदा प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हा मी बोलून गेले, “भांडताय कशाला? ही खरखर मारता येते.” पन्नास माणसं माझ्याकडे बघायला लागली. वडील सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींना गळ घातली. रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन लालबागला हजर. लॅमिंग्टन रोडवरून दोन कंडेन्सर आणले होते. चक्कीची मोटर त्यांनी उघडली. आत कार्बनचे ब्रश झिजून ठिणग्या उडत होत्या. ते बदलले, कंडेन्सर जोडले, आणि मग मोटरीच्या अंगाला जमिनीत पुरलेली तार लावायची वेळ आली. मोटरीला हिरवा रंग होता, चक्कीवाल्याने गेल्याच दिवाळीत हौसेने दिलेला. मेस्त्री तो खरवडायला लागले.

“अहो, रंग कशाला काढता?” चक्कीवाला कळवळला.

मेस्त्री त्याच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “रंगार बसयलंस तर ता न बसयल्यासारख्या. लोखंडाक लोखंड भेटाक व्हया.”

तार घट्ट आवळल्यावर त्यांनी वरून पुन्हा रंगाचा हात मारला. चक्की सुरू केली. खानावळीतला रेडिओ भजन म्हणत होता, ते तसंच चालू राहिलं. थोडी कुरकूर उरली होती, पण शब्द न् शब्द कळत होता. खानावळवाल्या मावशींनी मेस्त्रींना सुरमईच्या दोन तुकड्या वाढल्या आणि तिसरी आग्रह करून. वडील त्या दिवसापासून लोकांना सांगू लागले की मुलगी ‘खरखर खात्यात’ आहे.

पुढे पावसाळा संपत आला, मेस्त्री गणपतीसाठी महिनाभराची रजा घेऊन गावी गेले, आणि त्याच महिन्यात वर्कशॉपात दोन गोष्टी नव्या आल्या. एक नवे कॅप्टनसाहेब, दुसरी पुस्तिकेची नवी आवृत्ती.

कॅप्टनसाहेब तरुण, उत्तरेकडचे, नीटनेटके. नवी आवृत्तीही तशीच. गुळगुळीत कागद, स्वच्छ आकृत्या, कुठेही चिठ्ठी नाही. जुन्या प्रती चिठ्ठ्यांनी फुगून पावाएवढ्या झाल्या होत्या. शेजारी ही नवी म्हणजे सडपातळ नवरीच. मी ती घेऊन दोन दिवस जुनीशी ताडून पाहिली. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं चिकटवलेल्या ओळींचं काय झालं हे बघितल्याशिवाय मला राहवेना. काही ओळी जशाच्या तशा होत्या. काही सभ्य भाषेत आल्या होत्या. आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या प्रकरणातला एक अख्खा परिच्छेद नव्हताच. ‘पट्टी बसवण्यापूर्वी त्या जागेवरील रंग पूर्णपणे खरवडून धातू उघडा करावा’ असा तो परिच्छेद होता. त्याच्या जागी आता एक छोटं वाक्य होतं, ‘गाडीच्या रंगास इजा पोचू देऊ नये.’

चक्कीच्या मोटरीचा हिरवा रंग माझ्या डोळ्यांसमोर आला. हेडक्लार्कांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, “बाई, छापणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही जुन्या प्रती जाळायची तयारी करा.”

जाळायला रॉकेल लागतं. रॉकेलला स्टोअरचा फॉर्म लागतो. फॉर्म दिला आणि शहरात हरताळ झाला. ट्रॅमही बंद, बसही बंद. मी लालबागहून चालत निघाले ती भायखळ्यापर्यंत पोचले आणि पुढे पोलिसांनी अडवलं म्हणून परत आले. दोन दिवस ऑफिसात कोणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्टोअरवाला आजारी. इकडे ‘जुन्या प्रती नष्ट केल्या’ असा दाखला दिल्लीला पाठवायची मुदत संपत आली होती. हेडक्लार्कांना मुदत मोडणं म्हणजे सोवळं मोडण्यासारखं. त्यांनी दाखल्यावर सही करून टाकली. “उद्या-परवा जाळूच की,” ते म्हणाले. दाखला दिल्लीला गेला. प्रती गोणीत, गोणी जिन्याखाली.

मेस्त्री गावाहून परत आले तेव्हा सहा ट्रक तपासणीसाठी उभे होते. सगळे लढाईच्या काळातले जुने. मेस्त्री नेहमीप्रमाणे पॉलिश पेपर घेऊन वाकले, तर मागून कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, “मिस्त्री, पेंट क्यों खराब कर रहे हो? नई किताब में मना है.”

मेस्त्रींनी पेपर खिशात ठेवला. सहाही ट्रकांना रंगावरच पट्ट्या बसवल्या, पुस्तिकेतल्या आकृतीसारख्या अगदी देखण्या. चौथ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी हेडफोन लावला आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. त्यांचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. दुसरा ट्रक, तिसरा ट्रक, सगळे एकसारखे बोंबलत होते.

“ये क्या है, मिस्त्री?”

“पुस्तकान सांगल्यान, मी केलंय,” मेस्त्री शांतपणे म्हणाले. साहेबांना मालवणी कळत नव्हती, पण सूर कळला.

नंतर मेस्त्री माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसले आणि बराच वेळ हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “मेस्त्री, तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?”

“सांगान काय? तेका लिवलला व्हया. माझा तोंड म्हणजे काय पुस्तक?” मग म्हणाले, “ह्या पुस्तक लिवणाऱ्याक समुद्राचो वारो ठावक नाय गो.”

लिहिलेलं जिन्याखाली होतं. पण ते कागदोपत्री जळून गेलेलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. पुस्तिका दाखवावी तर हेडक्लार्कांची सही खोटी ठरते. न दाखवावी तर सहा ट्रक तसेच जाणार, आणि पुढे कुठेतरी कोणाला तरी त्या खरखरीत काहीच ऐकू येणार नाही. शेवटी मी हेडक्लार्कांकडेच गेले आणि सरळ सांगितलं. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा घातली.

“बाई, माझी पेन्शन चार वर्षांवर आली आहे.”

“मग नको दाखवायला?”

ते खिडकीबाहेर ट्रकांकडे बघत राहिले. म्हणाले, “चला. मी पण येतो. जे काय ऐकायचं ते एकदम ऐकू.”

आम्ही दोघं साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिलो. माझ्या हातात पावासारखी फुगलेली जुनी प्रत. मी परिच्छेद वाचून दाखवला, दोन्ही आवृत्त्यांतला फरक सांगितला. साहेबांनी प्रत हातात घेतली, चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “लेकिन ये तो जल चुकी है ना? सर्टिफिकेट मैंने खुद देखा है.”

हेडक्लार्कांनी पुन्हा टोपीला हात घातला. मीच म्हटलं, “सर, रॉकेल नहीं मिला.”

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. “ठीक है,” ते म्हणाले, “जली हुई किताब का एक पन्ना टाइप करके मुझे दीजिए. फिर सचमुच जला दीजिए.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थित प्रयोग केला. एका ट्रकच्या पट्ट्या तशाच ठेवल्या, दुसऱ्याच्या मेस्त्रींकडून खरवडून बसवून घेतल्या. पहिला बोंबलला, दुसरा मुका. हेडफोन त्यांनी आधी मेस्त्रींना दिला, मग मला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पुस्तिकेतली गोष्ट कानाने ऐकली, म्हणजे काहीच ऐकू न येणं ऐकलं. मला फार मजा वाटली.

मग उलगडा झाला. नवी आवृत्ती चुकीची नव्हती. ती नव्या ट्रकांसाठी होती, ज्यांना कारखान्यातच पट्टीसाठी कल्हई केलेल्या उघड्या जागा ठेवलेल्या असत. तिथे रंग खरवडायचं कारणच नव्हतं. लिहिणाऱ्याने नवे ट्रक डोळ्यांसमोर ठेवून जुना परिच्छेद काढला आणि आमच्यासारख्यांकडे जुनेच ट्रक आहेत हे विसरला. कॅप्टनसाहेबांनी दिल्लीला पत्र लिहायचं ठरवलं. मजकूर मी टाइप केला, भाषा हेडक्लार्कांनी सुधारली. ‘चूक’ हा शब्द त्यांनी तीन ठिकाणी खोडून ‘विचारार्थ बाब’ केलं. शेवटी मेस्त्रींचं म्हणणं घातलं, की समुद्राकाठी हवा खारी असते, खरवडलेल्या जागीही गंज चढतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर पट्ट्या उघडून, घासून पुन्हा बसवाव्यात.

दिल्लीहून एका ओळीचं उत्तर आलं, ‘नोंद घेतली.’ त्यानंतर दोन वर्षं काही नाही. मी डिंक लावत राहिले, कारण नवी नवरीही हळूहळू चिठ्ठ्यांनी फुगायला लागली होती. मेस्त्री निवृत्त होऊन गावी गेले. कॅप्टनसाहेबांची बदली झाली. मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. लालबागमध्ये रात्रभर दिवे होते, खानावळीत फुकट चहा आणि चक्कीवाल्याच्या दारावर तोरण. आठवडाभराने माझ्याकडे पत्त्यांच्या यादीच्या चिठ्ठ्या आल्या. चाळीस प्रतींत राज्याचं जुनं नाव झाकून नवं चिकटवायचं होतं. कुठलीही चिठ्ठी मी इतक्या हौसेने चिकटवली नाही. ती प्रत घरी नेता येत नव्हती, म्हणून वडिलांना नुसतं सांगितलं. त्यांनी विचारलं, “वजन ठेवलंस ना वरून?”

तिसरी आवृत्ती थंडीत आली. मी पट्ट्यांचं प्रकरण उघडलं. जुन्या गाड्यांसाठी रंग खरवडण्याचा परिच्छेद परत आला होता, आणि त्याच्याखाली, ‘समुद्रकिनाऱ्यावरील ठाण्यांत या जोडण्या दर पावसाळ्यानंतर उघडून, स्वच्छ करून पुन्हा बसवाव्यात.’ कोणाचं नाव नाही, कुठलं वर्कशॉप ते नाही. मी ती ओळ हेडक्लार्कांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि म्हणाले, “स्वल्पविराम आपलाच आहे.”

मेस्त्रींना पोस्टकार्ड टाकलं. पुस्तिकेतला मजकूर उघड्या कार्डावर लिहिणं गुन्हा, म्हणून एवढंच लिहिलं की तुमचं म्हणणं छापून आलं, पण नाव नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शेजारच्या शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं होतं, पण मास्तरांनी त्यांचे शब्द तसेच ठेवले होते. “माझा नाव घातल्यानी नाय ता बरा झाला. उद्या कोणाची गाडी बोंबलली तर माका विचारूक कोण येवचो नाय. हंय भात बरा आसा.”

मी त्याच खात्यात राहिले. लग्न झालं, लालबागहून दादरला आले, कारकुनाची वरिष्ठ कारकून झाले आणि मग दुरुस्त्या तपासणाऱ्या टेबलावर गेले. पुस्तिका दर काही वर्षांनी कात टाकत होती. आधी तिच्या नावात खरखर दाबण्याची भाषा होती, जसं काही ट्रकच तेवढा गुन्हेगार. नंतर बिनतारी यंत्रं, रडार, निरनिराळी उपकरणं एकाच गाडीत, एकाच बोटीवर दाटीवाटीने बसायला लागली तशी पुस्तिकेची भाषा बदलली. आता ती म्हणू लागली की प्रत्येकाने आवाज कमी करावा आणि दुसऱ्याचा थोडा सोसावाही. तिचं नावही बदलून त्यात सुसंगती हा शब्द आला. आमच्या साहेब लोकांना ही कल्पना फार नवी वाटत होती. बारा बिऱ्हाडांत एक नळ पाहिलेल्या मला तिच्यात नवं काही दिसेना.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आणखी एका आवृत्तीचा मसुदा माझ्या टेबलावर आला. पट्ट्यांच्या प्रकरणात ती पावसाळ्याची ओळ काढून टाकायची असं कोणीतरी सुचवलं होतं. कारण दिलं होतं की आता जोडण्या बंदिस्त असतात, त्यांच्यापर्यंत हवाच पोचत नाही. मला हरकत घेण्याचा अधिकार होता. मी लगेच काहीच लिहिलं नाही. तीन वर्कशॉपांत फोन लावले, त्यांतली दोन समुद्राकाठची होती. विचारलं, जुन्या पद्धतीची गाडी एखादी तरी आहे का? तिन्हीकडे नव्हती. एकाने तर मलाच उलट विचारलं, “कुठली पट्टी, मॅडम?”

मग मी पेन उचललं. त्या ओळीवर रेघ मारताना हात अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. समासात ‘मान्य’ लिहिलं, सही केली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर एका आकृतीत बाण उलटा काढलेला होता.